पाण्यातला हलकेपणा आणि अंतराळातील भारहीनता

मालवण, (प्रतिनिधी) - सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या पर्यटकांना आपले वजनच नाहीसे झाल्यासारखे वाटते. अंतराळवीरही अवकाशात चालण्याचा सराव पाण्यातच करतात. 'नासा'ने त्यासाठी ह्यूस्टन येथे सुमारे १२ मीटर खोल तलाव बांधला आहे. तरीही या दोन अनुभवांत मूलभूत फरक आहे.

पाणी शरीराला बाहेरून तोलून धरते. गुरुत्वाकर्षण मात्र शरीराच्या आत कार्य करीतच राहते. कानातील तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे खाली ओढले जातात व दिशेची जाणीव टिकते. अंतराळ स्थानकावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, गुरुत्वाकर्षण जमिनीवरील बलाच्या जवळपास ९० टक्के असते. पण स्थानक व त्यातील माणसे पृथ्वीभोवती अखंड पडत असतात. त्यामुळे खड्यांचा भार जाणवत नाही, डोळे व कान यांचे संदेश जुळत नाहीत आणि पहिले काही दिवस मळमळ होते.

रक्ताच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे साम्य आहे. पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे सरकते. म्हणूनच पाणबुड्यांना लघवीची भावना होते. अंतराळात रक्त व द्रव डोक्याकडे सरकल्याने चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. दीर्घ मुक्कामात काहींच्या दृष्टीतही बदल होतो.

सर्वांत गंभीर हानी हाडांची होते. भार नसल्याने खुब्यासारख्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. निघालेले कॅल्शियम लघवीवाटे जाते व मूतखड्याचा धोका वाढतो. स्नायूही क्षीण होतात. त्यावर उपाय म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. सुमारे आठ दिवसांसाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या. त्याच वर्षी अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला यांच्या प्रयोगांत स्नायूंच्या ऱ्हासाचाही अभ्यास होता.

पाणबुड्या किनाऱ्यावर येताच चालू लागतो. अंतराळवीराला तोल सावरण्यास काही दिवस, तर हाडे भरून येण्यास कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडेही अशीच झिजतात. शरीराला भार वाहावाच लागतो, तरच ते टिकते, हाच याचा अर्थ.