भिवंडीची सहा मिनिटं

भिवंडीत विणकामाची मजुरी पिकावर ठरते. मागावर पडणारा एक आडवा धागा म्हणजे एक पीक. इंचात किती पिकं बसली, त्यावर मीटरमागे किती पैसे ते ठरतं. म्हणजे या गावात धागा न् धागा मोजला जातो, आणि त्याचा भावही पैशांत सांगता येतो.

2011च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूरची लोकसंख्या 7,09,665 होती. शहर आणि आजूबाजूची गावं मिळून मागांचा आकडा सहा लाखांच्या घरात सांगतात. जवळपास माणशी एक माग! त्यातले बरेच आज बंद आहेत, काही भंगारात गेले आहेत, ते खरंच. पण तूर्त सगळे चालू धरू, कारण मला एक वेगळाच हिशोब मांडायचा आहे, गोधडीचा.

अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या सीफर्ड गावी कॅथरीन रॉबर्ट्स नावाच्या बाईंचा मुलगा इराकच्या लढाईवर गेला होता. त्या काळजीतून 2003 साली त्यांनी युद्धातून परतलेल्या सैनिकांना घरी शिवलेली गोधडी द्यायची चळवळ सुरू केली. पहिली गोधडी त्याच वर्षी वॉल्टर रीड इस्पितळात पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाला मिळाली. ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ नावाच्या या उपक्रमाने आजवर चार लाखांवर गोधड्या दिल्या आहेत.

आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ. नारळाची वडी होते आणि शाल ट्रंकेत जाते, ती बहुधा पुढच्या कुणाच्या तरी सत्कारालाच बाहेर निघते. समजा, शालीऐवजी गोधडी द्यायची ठरवली, तर काय काय लागेल?

माप धरू 60 बाय 80 इंच. आत जुनं नऊवारी लुगडं. नऊ वार म्हणजे 324 इंच, त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी 81 इंच भरते. आजीने कधी टेप लावला नसेल, पण माप चुकलेलं नाही. वरखाली भिवंडीचं नवं कापड, दोन्ही मिळून 160 इंच. इंचाला 50 पिकं धरली तर 8,000 पिकं झाली. साधा धोट्याचा माग मिनिटाला 150च्या आसपास पिकं मारतो, म्हणजे 53 मिनिटांचं काम. धागा तुटणं, कांडी बदलणं धरून तासाभरात एका गोधडीचं कापड तयार.

आता सुई घ्या. अर्ध्या इंचाच्या अंतराने धावदोरा घातला तर 120 ओळी होतात, प्रत्येक ओळ 80 इंचांची. सगळ्या ओळी एकापुढे एक लावल्या तर 244 मीटर भरतील. इंचाला पाच टाके धरले तर 48,000 टाके. सहा पदरांतून सुई वरखाली काढायला टाक्याला तीन सेकंद दिले (सराईत हात असेल तरच एवढ्यात होतं), तरी एकूण 40 तास लागतात. मिनिटाला 800 टाके घालणारं शिलाई मशीन हेच काम तासात उरकेल, पण मग ती हातची गोधडी नव्हे.

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे 60,000 जवान निवृत्त होतात, बरेचसे चाळिशीच्या आतबाहेर. त्या प्रत्येकाला एक गोधडी द्यायची तर कापडाला 60,000 माग-तास लागतील. सहा लाख मागांवर भागून बघा: सहा मिनिटं! निम्मे माग बंद धरले तरी बारा. अमेरिकेतल्या चार लाख गोधड्यांचं असंच कापडही भिवंडीच्या पाऊण तासात निघेल.

आणि शिवायला? 24 लाख तास, 288 कोटी टाके. रोज दुपारी दोन तास बसणारी बाई वीस दिवसांत एक गोधडी करते, वर्षातले 300 दिवस धरले तर पंधरा. तेव्हा साठ हजार गोधड्यांना चार हजार बायकांचं अख्खं वर्ष लागेल. कापड हा यातला सगळ्यात किरकोळ भाग ठरतो.

गंमत अशी की मागावरच्या धाग्याला भाव आहे, टाक्याला नाही. गोधडीची किंमत करताना आपण कापड किती लागलं ते विचारतो आणि सुईचं काम ‘घरचंच’ म्हणून सोडून देतो. 40 तास म्हणजे आठ तासांचे पूर्ण पाच दिवस. त्याहून कमी मजुरीत घेतलेल्या गोधडीने सैनिकाचा सत्कार केला, तर त्याचा खर्च त्या बाईने केला असं म्हणावं लागेल.

येत्या 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला तुमच्या मंडळाने, ग्रामपंचायतीने एखाद्या माजी सैनिकाला बोलावलं, तर शालीऐवजी गावातल्याच बाईकडून गोधडी शिवून घ्या. महिनाभर आधी सांगा, पाच दिवसांची मजुरी हातात द्या आणि सत्काराच्या वेळी तिलाही मंचावर बसवा.