भिंतीवरचे चेहरे

मुलांनो, उद्या शाळेत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे जरा लक्ष देऊन पाहा. तिथे तुम्हांला कोणाकोणाचे चेहरे दिसतात? निवडणूक जवळ आली असेल तर हात जोडलेले उमेदवार दिसतील. कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस असेल तर त्याचा मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे लहान लहान चेहरे दिसतील. शेजारी एखादा नट, नाही तर साबणाची जाहिरात करणारी नटी. पण तुमच्या दारावर मासे विकायला येणाऱ्या मावशीचा चेहरा तुम्ही कधी भिंतीवर पाहिला आहे का?

मुंबईत एके ठिकाणी असे चेहरे भिंतीवर लागले होते. त्याची ही हकिकत.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात उभे राहिले, की एकीकडे उंच इमारती आणि दुसरीकडे किनाऱ्याला लागलेल्या होड्या दिसतात. जाळी वाळत घातलेली असतात. कोणी फाटलेले जाळे सांधत बसलेला असतो. इथले कोळी समुद्राला दर्या म्हणतात. तुमच्या उर्दूत दरिया म्हणजे नदी. शब्द एकच, फारसीतून आलेला. उर्दूत तो गोडा झाला, कोळ्यांच्या तोंडी खाराच राहिला!

मच्छीमार नगरापासून कुलाब्याची चिंचोळी पट्टी ओलांडून पूर्वेच्या किनाऱ्याला गेले, की ससून गोदी लागते. ससून हे बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी घराणे. त्यांतील अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी १८७५ साली ही गोदी बांधली. त्या काळी इथून कापसाचा व्यापार चालत असे. पुढे ती माशांचे मोठे बंदर झाली.

ससून गोदी पाहायची तर पहाटे उठायला हवे. उजाडण्यापूर्वीच बोटी धक्क्याला लागतात. टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात उडत वर येतात. बोंबील, पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग पडतात आणि लिलावाचा गलका सुरू होतो. एका बाजूला बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. बर्फात बुडालेल्या कोळंबीत तासन्‌तास हात घालून काम करायचे म्हणजे बोटे बधिर होतात. इथे कोळी आहेत, बंजारा आहेत, मराठे आहेत, मुसलमान आहेत. सारे शहर यांनी उतरवलेले मासे आवडीने खाते, पण गोदीजवळून जाताना नाकाला रुमाल लावते.

२०१७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या गोदीच्या जुन्या गोदामांत एक कलाप्रदर्शन भरले. ते स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने भरवले होते. देशोदेशींचे कलावंत त्यासाठी आले. त्या वेळी गोदीत काम करणाऱ्या माणसांची छायाचित्रे काढली गेली. मोठ्या कागदांवर छापून ती गोदीच्याच भिंतींवर चिकटवण्यात आली. एरवी या गोदीत छायाचित्रे काढायला मनाई असते. कॅमेरा बाहेर ठेवायचा ती ही जागा, आणि तिच्याच भिंतींवरून आता मोठमोठे चेहरे रस्त्याकडे बघू लागले.

ही कल्पना जे.आर. या फ्रेंच कलावंताची. तो आपले पूर्ण नाव सांगत नाही, फक्त ही दोन आद्याक्षरे लावतो. किशोरवयात त्याला पॅरिसच्या भुयारी रेल्वेत एक कॅमेरा सापडला आणि तो छायाचित्रे काढू लागला, असे तो सांगतो. गंमत अशी, की जगाला दुसऱ्यांचे चेहरे दाखवणारा हा माणूस स्वतः मात्र सदा टोपी आणि काळा चष्मा घालून वावरतो.

२०११ साली त्याने 'इनसाइड आउट' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याची रीत साधी आहे. एखाद्या गावातील किंवा वस्तीतील माणसे एकत्र येतात. आपल्याला जगाला काय सांगायचे आहे, हे ती आधी ठरवतात. मग प्रत्येकाचे छायाचित्र काढले जाते. ते काळे-पांढरेच असते. सुमारे तीन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच कागदावर ते छापतात आणि माणसे स्वतःच ते भिंतीवर चिकटवतात. चित्रावर कोणत्याही कंपनीची खूण नसते, कोणाला मत द्या असेही लिहिलेले नसते. नुसता चेहरा. त्यामुळे पाहणारा थबकतो आणि विचारतो, 'हे कोण?' मला तर वाटते, हा प्रश्न विचारला गेला, की अर्धे काम झाले. शंभराहून अधिक देशांत लोकांनी असे चेहरे लावले आहेत.

सगळीकडे त्यांचे स्वागतच झाले असे नाही. ट्युनिशिया या देशात वर्षानुवर्षे जिकडेतिकडे राष्ट्राध्यक्षांची तसबीर लावलेली असे. २०११ च्या जानेवारीत ते देश सोडून पळाले. तेव्हा काही छायाचित्रकारांनी त्या जागी सामान्य नागरिकांचे चेहरे लावले. पण काही लोकांनी ते फाडून टाकले. भिंतीवरच्या चेहऱ्याला ते इतके विटले होते, की आपल्यासारख्याच माणसाचा चेहराही त्यांना नकोसा झाला. मला त्यांचा राग येत नाही.

केनियातील किबेरा ही नैरोबी शहरातली फार मोठी झोपडपट्टी. २००९ साली जे.आर.ने तिथल्या घरांच्या छपरांवर तिथल्याच बायकांचे डोळे आणि चेहरे पसरले. वस्तीतून आगगाडी जाते. त्याने डब्यांवर फक्त डोळे लावले आणि रुळांच्या उतारावर नाकापासून खालचे चेहरे. गाडी आली, की क्षणभर डोळे चेहऱ्यांवर बसत आणि चेहरे पुरे होत! छपरांवर मात्र त्याने कागद वापरला नाही, पाणी न झिरपणारे कापड वापरले. बायकांना चित्रापेक्षा पावसातून सुटका हवी होती.

भारतात असे चेहरे उघडपणे चिकटवणे त्याला जमेना. मग त्याने पांढऱ्या कागदावर पारदर्शक डिंकाने चेहरे उमटवले. लावताना कागद कोराच दिसे. दिवस जात, रस्त्याची धूळ डिंकाला चिकटे आणि हळूहळू चेहरा वर येई. आपल्याकडे धुळीला काय तोटा?

आता पुन्हा ससून गोदीत येऊ. भिंतीवर चेहरे लावले म्हणून कोळंबी सोलणाऱ्या बाईची मजुरी वाढत नाही, की तिच्या बोटांचा गारठा जात नाही. धोका आणखी एक आहे. प्रदर्शनाला आलेला माणूस भिंतीवरच्या चेहऱ्यासमोर उभा राहून हौसेने स्वतःचे छायाचित्र काढील, 'काय डोळे आहेत!' म्हणेल, आणि डोक्यावर टोपली घेऊन समोरून येणाऱ्या बाईला वाट द्यायची विसरेल. भिंतीवरची आणि टोपलीवाली एकच असली, तरी त्याच्या लक्षात येणार नाही. पण दुसरेही होऊ शकते. एखादा वर बघतो, मग खाली बघतो, पुन्हा वर बघतो आणि टोपलीवालीला विचारतो, 'मावशी, हा फोटो तुमचाच ना?'

अशा चित्रांचे आयुष्य थोडे असते. भिंतीवरचा कागद उन्हाने पिवळा पडतो, खाऱ्या वाऱ्याने त्याच्या कडा सुटतात, आणि पहिल्या पावसात खळ विरघळून तो लोंबू लागतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि मच्छीमार नगरात जाळी सांधण्याचे काम चालते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. मग गोदीतला लिलावाचा गलका पहाटे पुन्हा ऐकू येऊ लागतो.