तेलतवंग आणि मच्छीमारांचे दावे : 2010 ते 2025

7 ऑगस्ट 2010 रोजी न्हावाशेवा बंदरातून निघालेले कंटेनरवाहू जहाज ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारे ‘खलिजिया-3’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर समुद्रात पडले आणि शेकडो टन इंधन सांडले. तवंग रायगडच्या किनाऱ्यावर व खारफुटीत पोचला. त्या वर्षी नारळी पौर्णिमा 24 ऑगस्टला होती; होड्या दर्यात लोटण्याच्या तोंडावरच हे घडले. मुंबईकरांनी मासळी घेणे टाळले, त्यामुळे ज्यांच्या जाळ्याला तेल लागलेही नव्हते, त्यांचाही धंदा बसला.

तेलवाहू टँकर फुटला असता तर वाट बरीच सरळ होती. 1967 मध्ये इंग्लंडजवळ ‘टॉरी कॅनियन’ फुटल्यावर झालेल्या करारांनुसार मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते, आणि ती अपुरी पडली तर आंतरराष्ट्रीय निधी असतो. चित्रा मात्र टँकर नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन. अशा इंधनासाठीचा 2001 चा करार 2008 मध्ये जगात लागू झाला होता, पण भारत त्यात नव्हता. शिवाय जहाजमालकाला आपली जबाबदारी जहाजाच्या टनभारानुसार मर्यादित करून घेता येते. मग मालाचे धनी आणि मच्छीमार असे सगळे एकाच थैलीचे वाटेकरी होतात.

खरी अडचण पुराव्याची. बोटमालकाकडे डिझेलची बिले आणि मच्छीमार सहकारी संस्थेतील नोंदी तरी असतात. वाट्यावर जाणारा खलाशी, पाटीवर मासळी विकणारी कोळीण, ओहोटीला खाडीत कालवे फोडणारी बाई यांचा व्यवहार रोखीचा आणि तोंडी. यांचे नुकसान सर्वांत थेट. कागद सर्वांत कमी.

4 ऑगस्ट 2011 रोजी ‘रॅक कॅरिअर’ हे 60,054 टन कोळसा घेऊन मुंबईजवळ बुडाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 23 ऑगस्ट 2016 रोजी जहाजाशी संबंधित कंपन्यांवर 100 कोटी आणि कोळशाच्या बाजूने अदानी एंटरप्रायझेसवर 5 कोटी रुपये बसवले. निकाल मोठाच, पण ही भरपाई पर्यावरणाची होती, कोळीवाड्यातल्या घरांची नव्हे.

घरांचा हिशेब झाला तो उरणच्या प्रकरणात, आणि तेथे तेल नव्हतेच. बंदराच्या विस्तारासाठीच्या भरावाने खाड्यांतील भरती-ओहोटीचे पाणी अडले, खारफुटी गेली, मासेमारी बुडाली. 27 फेब्रुवारी 2015 रोजी न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने जेएनपीटी, ओएनजीसी व सिडको यांना 1,630 कुटुंबांसाठी 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये देण्यास सांगितले : प्रत्येक कुटुंबाला 5 लाख 84 हजार. कुटुंब हे एकक धरल्याने बिलांची अट आपोआप सैल झाली. मासेमारांच्या दाव्यांत हा निकाल म्हणूनच सर्वांत उपयोगाचा.

पुढे 2017 चा नौकाधिकरण कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. दाव्यासाठी जहाज अडकवून ठेवण्याच्या उच्च न्यायालयांच्या अधिकाराला त्याने नवा पाया दिला. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडाले, तेव्हा केरळ सरकारने याच वाटेने 9,531 कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवले. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये 1,227.62 कोटींचे तारण ठरवले. मूळ दाव्यात मच्छीमारांच्या नुकसानीची रक्कम सुमारे 526 कोटी होती.