मांडीतली दोरी गुडघ्यात

खुर्चीवर बसा. गुडघा काटकोनात वाकवा आणि टाच खुर्चीच्या पायावर मागे दाबून धरा. आता गुडघ्यामागे, आतल्या बाजूला बोटे लावून पाहा. ताणलेल्या दोरीसारखे काहीतरी लागते ना? मांडीच्या स्नायूला हाडाशी जोडणारी ही कंडरा. हीच दोरी काढून गुडघ्याच्या आत बसवता येते!

पण ती बसवण्याची वेळ का यावी? गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. तो लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे; जानेवारीत ठाकुरदेवाच्या यात्रेला आसपासचे माडिया गोंड लोक तेथे जमतात. समजा, डोंगर उतरताना एखाद्याचा पाय दगडांत अडकला आणि अंग मात्र वळले. ‘कट्’ असा आवाज होतो, थोड्याच वेळात गुडघा सुजतो. कबड्डीतही असेच घडते. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे बांधून ठेवतात. त्यांतला पुढचा तुटला. सूज उतरते, माणूस चालू लागतो. पण उतारावर गुडघा दगा देतो. तुटलेली टोके सहसा पुन्हा जुळत नाहीत. कित्येकांचे व्यायामावर भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांना नवा अस्थिबंध हवा.

इटलीतील गालेआत्सी यांनी १९३४ मध्ये त्यासाठी मांडीची कंडरा वापरली. आज शल्यचिकित्सक नडगीच्या वरच्या भागी छोटी चीर देऊन दोन कंडरा शोधतो आणि टोकाला कडी असलेली सळई कंडरेवरून मांडीत वर सरकवतो. त्याआधी पोटरीकडे जाणारे कंडरेचे फाटे कापावे लागतात. एखादा राहिला, तर सळई भलतीकडे वळते व कंडरा अर्ध्यातच तुटते!

पुढचे काम बाजूच्या टेबलावर. कंडरेला चिकटलेला लालसर स्नायू बोथट पात्याने खरवडायचा, टोके दोऱ्याने शिवायची, आणि दोन्ही कंडरा मधोमध दुमडून चार पदर करायचे. मग हा जुडगा मापकाच्या भोकांतून ओवून पाहतात. भोके अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात. ज्या भोकातून तो घट्ट जाईल, त्याच मापाचा बोगदा हाडात पाडायचा. जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर तरुण रुग्णांत तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. म्हणून कधी आणखी पदर दुमडतात.

नवी विणलेली सुतळीची खाट आठवा. चार दिवसांत ती सैल पडते आणि पायथ्याची दोरी पुन्हा ओढावी लागते. कंडराही तशीच ताणते. म्हणून ती फळीवर दहा-पंधरा मिनिटे ताणून ठेवतात, वर ओली पट्टी. कोरडी पडता कामा नये. पुष्कळ ठिकाणी ही पट्टी प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवतात.

तरुण माणसाचा मूळ अस्थिबंध सुमारे २१६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २२० किलोग्रॅमचा भार सोसतो. प्रयोगशाळेत चार पदरांनी ४००० न्यूटनहून अधिक सोसले. अट एकच, चारही पदर सारखेच ताणलेले हवेत. एक सैल राहिला, की त्याच्या वाट्याचा भार उरलेल्या तिघांवर!

मांडीतली जागा मात्र बहुधा रिकामी राहत नाही. तेथे पुन्हा कंडरेसारखा पदर उगवतो. डॉक्टर त्याला पालीच्या शेपटीची उपमा देतात. गुडघ्यात गेलेल्या तुकड्याचे नशीब उलटे. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत तो आधी दुबळा होतो, मग हळूहळू नव्या पेशी व रक्तवाहिन्या त्यात शिरतात. नेमके त्याच दिवसांत दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला मैदान खुणावू लागते. डॉक्टर त्याला साधारण नऊ महिने थांबवतात.