१४९ धावा आणि त्यामागचे हात : २०२३च्या मेजर लीग हंगामाचा मागोवा

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचा २०२३चा हंगाम संपला तेव्हा धावांच्या यादीत पहिले नाव होते अटलांटा ब्रेव्हजच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचे. धावा १४९. सन २०००मध्ये ह्यूस्टनच्या जेफ बॅगवेलने १५२ धावा केल्या होत्या. त्यानंतर एका हंगामात एवढी मजल कुणीच मारली नव्हती.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना या आकड्याची गंमत नीट कळायला हवी. बेसबॉलमध्ये तिन्ही बेस पार करून जो होम प्लेटला शिवतो, धाव त्याच्या नावावर लागते, मग चेंडू कुणीही टोलवलेला असो. होम रन सोडला, तर बेसवर पोचलेल्या खेळाडूला घरी आणायला बहुधा मागच्या फलंदाजाचाच हात लागतो.

व्हेनेझुएलाच्या अकुन्याने आपला वाटा पुरेपूर उचलला. जुलै २०२१मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला होता. तोच खेळाडू दोन वर्षांनी १५९ सामने खेळला, २१७ हिट, ४१ होम रन आणि ७३ बेसचोऱ्या (चेंडू टोलवला जाण्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठणे) करून गेला. एकाच हंगामात ४० होम रन आणि ७० बेसचोऱ्या असा मेळ त्याआधी कुणालाच जमला नव्हता. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला एकमताने मिळाला.

नियमही त्या वर्षी धावणाऱ्याच्या बाजूने झुकले. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली, पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळाचे बंधन आले आणि धावपटूला बेसवर जखडून ठेवण्यासाठी त्याने मोजकेच प्रयत्न करावेत असे ठरले. २०२२मध्ये लीगभरात २,४८६ बेसचोऱ्या झाल्या होत्या, २०२३मध्ये त्या ३,५०३वर गेल्या.

तरी नुसत्या पायांवर १४९ धावा होत नाहीत. २७ सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध दहाव्या डावात अकुन्याने हिट मारून बरोबरी साधली, लगेच दुसरा बेस चोरला. ही त्याची सत्तरावी चोरी. विजयाची धाव त्याच्या नावावर लागली खरी, पण त्याला घरी आणणारा फटका संघातल्याच ओझी अल्बीजचा होता. अटलांटाच्याच मॅट ओल्सनने त्या वर्षी ५४ होम रन मारले आणि १३९ धावा घडवून आणल्या. संघाचे होम रन ३०७ झाले, म्हणजे मिनेसोटाच्या २०१९च्या विक्रमाची बरोबरी.

धावांच्या यादीतली पुढची नावेही हेच सांगतात. फ्रेडी फ्रीमन १३१, ओल्सन १२७, मुकी बेट्स १२६. पहिले चौघे दोनच संघांचे : दोन अटलांटाचे, दोन लॉस एंजेलिस डॉजर्सचे. दुसऱ्या शाखेत, अमेरिकन लीगमध्ये, टेक्सासचा मार्कस सेमियन १२२ धावांसह अव्वल राहिला. तो सर्व १६२ सामने खेळला आणि त्याच्या मागे फलंदाजीला कोरी सीगर होता.

अटलांटाने १०४ सामने जिंकले, पण प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाने त्यांना घरी पाठवले. वर्ल्ड सिरीज सेमियनच्या टेक्सासने नेली. पुढच्या वर्षी, २०२४मध्ये, १३४ धावांसह अव्वल ठरला शोहेई ओहतानी, तोही बेट्स आणि फ्रीमन यांच्याच संघातला. म्हणूनच धावांच्या यादीतले पहिले नाव वाचताना त्याच्या मागे फलंदाजीला कोण येत होते, हेही पाहावे. त्याशिवाय त्या आकड्याचे खरे मोल कळत नाही.