चेहरा दिसत नाही, तरी माणूस सापडतो

गोपाळकाल्याच्या दिवशी ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्या कोकण नगर गोविंदा पथकानं इथल्या संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या दहीहंडीत दहा थर रचले, तेव्हा सगळ्यांच्या माना वर होत्या. त्या माना मोजायला, गर्दी कुठे दाटतेय हे पाहायला वरून ड्रोन फिरावा, यात आता कोणाला नवल वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडणाऱ्यांवर लक्ष ठेवायला राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी ड्रोन उडवले. दहीहंडी, विसर्जन किंवा मोर्चाच्या बंदोबस्ताच्या बातमीत ‘ड्रोनद्वारे नजर’ हे शब्द आता ठरलेलेच असतात.

या नजरेला नेमकं दिसतं काय? रस्त्यावरचा माणूस ओळखू येतो का? म्हाडा वसाहतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई, पोखरण रोडवरच्या टॉवरमधला दिवाणखाना, येऊरच्या पाड्यावरचं अंगण यांतलं काय त्या चित्रात येतं? ‘पोलीस सगळं बघतात’ आणि ‘एवढ्या उंचावरून काय दिसणार?’ ही दोन्ही उत्तरं अंदाजाची आहेत. हिशेब केला तर तिसरंच उत्तर निघतं.

उंची आणि भिंग यांचा हिशेब

भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात परवानगीशिवाय उडण्याची कमाल उंची ४०० फूट, म्हणजे १२० मीटर आहे. आपणही तीच उंची धरू. चांगल्या छोट्या ड्रोनवर २० मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. त्याच्या संवेदकावरचा एक पिक्सेल साधारण २.४ मायक्रोमीटरचा आणि भिंगाचं नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर धरलं, तर १२० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये जमिनीची सुमारे ३.३ सेंटिमीटर लांबी मावते. एका चित्रात साधारण १८० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद पट्टा येतो. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम पाच पिक्सेल येतात. तेही त्यानं मान वर केली तर. एरवी फक्त डोक्याचा माथा दिसतो, आणि कॅमेरा तिरका केला की अंतर वाढून चित्र आणखी ढोबळ होतं.

पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी युरोपात एक प्रमाण ठरलेलं आहे. एका मीटरमागे २५ पिक्सेल मिळाले तर ‘इथे माणूस आहे’ एवढं कळतं. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो आणि २५० मिळाले तर अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते. आपल्या ड्रोनला १२० मीटरवरून मीटरमागे सुमारे ३० पिक्सेल मिळतात. म्हणजे तो डोकी मोजू शकतो, चेहरे ओळखू शकत नाही.

पण याच ड्रोनवर दहापट ऑप्टिकल झूम बसवला की मीटरमागे ३०० पिक्सेल मिळतात आणि ओळख पटवण्याची रेषा ओलांडली जाते. त्याची किंमतही मोजावी लागते. चित्रात आता जेमतेम १८ मीटर लांबीचा तुकडा मावतो. एक तर सगळी गर्दी ढोबळ दिसेल, नाही तर तिच्यातले मोजके लोक स्पष्ट दिसतील; एका भिंगातून दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. म्हणून ड्रोन उडाला की नाही, यापेक्षा तो उडताना झूम किती होता आणि तो कोणावर रोखला होता, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

ठाण्यात याला आणखी एक पैलू आहे. १२० मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजली जाते. खाली पाहणारा कॅमेरा डोळ्यांसमोर ठेवला तर ती पुरेशी वाटते. पण एवढी उंची म्हणजे साधारण चाळिसावा मजला. उंच इमारतींच्या शहरात या मर्यादेच्या आत उडणारा ड्रोन खाली पाहण्याऐवजी आडवा पाहू शकतो. खिडकीपासून ३० मीटरवर तो थांबला, तर झूमशिवायच मीटरमागे १२० च्या वर पिक्सेल मिळतात. रस्त्यावरच्या माणसापेक्षा वरच्या मजल्यावरचा रहिवासी त्याला जास्त स्पष्ट दिसतो.

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मात्र अनेकांच्या कल्पना अवास्तव असतात. हा कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी टिपतो. त्या भिंतीतून आरपार जात नाहीत, खिडकीच्या साध्या काचेतूनही जात नाहीत. तो घराच्या आत पाहू शकत नाही. भिंतीचा कुठला भाग जास्त तापलाय एवढंच सांगतो. उघड्यावर मात्र तो तरबेज असतो. येऊरच्या जंगलात रात्री बिबट्या आणि पाड्याकडे परतणारा आदिवासी हे दोन्ही त्याला गार पार्श्वभूमीवरचे उजळ ठिपके म्हणून दिसतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री पार्ट्या रोखायला येऊरमध्ये बंदोबस्त लागतो. तिथे असा कॅमेरा उडाला तर सर्वात आधी टिपले जातील ते पार्टीशी काही संबंध नसलेले, तिथेच राहणारे लोक.

बाल्टिमोरचा एक ठिपका

चेहरा दिसत नसेल तर खासगीपणाला धक्का कसला, असं वाटू शकतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात नेमका हाच युक्तिवाद झाला. तिथे २०१६ मध्ये एका खासगी कंपनीचं छोटं सेसना विमान पोलिसांसाठी शहरावर घिरट्या घालत होतं. नागरिकांना त्याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी बातमीतून ते उघड झालं. २०२० मध्ये हीच योजना सहा महिन्यांसाठी जाहीरपणे राबवली गेली. विमानातले कॅमेरे दर सेकंदाला सुमारे ३२ चौरस मैल, म्हणजे ८३ चौरस किलोमीटर क्षेत्राचं एक चित्र घेत. ठाणे महापालिकेच्या निम्म्याहून जास्त हद्दीएवढं हे क्षेत्र झालं. त्या चित्रात माणूस म्हणजे फक्त एक ठिपका. स्त्री की पुरुष, काळा की गोरा, काहीच कळत नसे.

पण चित्रं साठवलेली होती. गुन्हा घडला की चित्रं उलटी फिरवायची. गुन्ह्याच्या जागेवरचा ठिपका आधी कुठे होता, नंतर कुठे गेला, शेवटी कुठल्या घरात शिरला, हे पाहायचं. ज्या घरातून ठिपका सकाळी निघतो आणि संध्याकाळी परततो ते त्याचं घर. पुढचं काम रस्त्यावरचे कॅमेरे करत. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं ही योजना घटनाबाह्य ठरवली. एकेका ठिपक्यात काही कळत नसलं, तरी अनेक दिवसांचे ठिपके जोडले की माणसाचं आयुष्य उघडं पडतं, हा त्या निकालाचा गाभा होता.

या निकालाला विज्ञानाचाही आधार आहे. इव्ह-अलेक्झांड्र द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख मोबाइलधारकांच्या नाव नसलेल्या नोंदी तपासल्या. एखादी व्यक्ती कोणत्या वेळी कुठे होती, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरेशा ठरल्या. घर आणि कामाची जागा यांतच आपलं बहुतेक वेगळेपण येतं. म्हणून खासगीपणाला खरा धोका चित्राच्या स्पष्टतेपेक्षा ते किती काळ साठवलं जातं आणि कशाला जोडलं जातं, यातून येतो.

आजवर ही साठवण महाग होती. विमान, वैमानिक आणि इंधनाचा खर्च हाच खासगीपणाचा राखणदार होता. आता तो निवृत्त होतोय. आपल्याच जिल्ह्यात, महापेमध्ये असलेल्या आयडियाफोर्ज कंपनीनं डीआरडीओसोबत बनवलेला ‘नेत्र’ हा ड्रोन २०१३ च्या उत्तराखंड महापुरात शोधकार्यासाठी वापरला गेला. तेव्हा तो अप्रूपाचा होता. आज छोटे ड्रोन सहज उपलब्ध आहेत. मर्यादा उरलीय ती बॅटरीची. छोट्या ड्रोनला अर्ध्या-पाऊण तासात खाली यावंच लागतं. पण जमिनीवरून तारेनं वीज पुरवलेला ड्रोन तासन्‌तास एका जागी टांगून ठेवता येतो, म्हणजे ही मर्यादाही कायमची नाही.

‘कोणीही पाहिलं असतं’

हवेतून पाहण्याच्या बाजूनं एक जुना युक्तिवाद आहे. कॅलिफोर्नियात पोलिसांनी हजार फुटांवरून विमानातून एका घराचं परसदार पाहिलं आणि तिथे गांजाची झाडं सापडली. १९८६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं वॉरंटची गरज नाही असं ठरवलं, कारण तिथून उडणाऱ्या कोणालाही ती झाडं दिसली असती. १९८९ मध्ये हेलिकॉप्टरच्या बाबतीतही हेच झालं. त्या हेलिकॉप्टरची उंची होती ४०० फूट.

आपल्याकडे हा युक्तिवाद टिकत नाही. मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर, हलकी विमानं यांवर बंदी घालतात आणि त्यातून पोलिसांची हवाई टेहळणी वगळतात. सुरक्षेसाठी ते योग्यही असेल. पण जिथे इतर कोणाला उडताच येत नाही, तिथून ‘कोणालाही दिसलं असतं’ असं म्हणता येत नाही. तिथून दिसणारं दृश्य फक्त सरकारचं असतं आणि त्याची जबाबदारीही सरकारचीच.

आपल्या न्यायालयांपुढे पोलिसांच्या पाळतीचा प्रश्न जुना आहे. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रात्री घरी जाऊन तपासणी करण्याचा नियम रद्द केला, हालचालींवरची पाळत मात्र चालू दिली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, योग्य कारण आणि कारणाच्या प्रमाणातला उपाय या कसोट्या आल्या. २०२१ च्या ड्रोन नियमांत मात्र वजन, नोंदणी, वैमानिक आणि हवाई पट्टे यांवर तपशील आहे. खासगीपणावर स्वतंत्र तरतूद नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा गुन्हे रोखण्यासाठी आणि तपासासाठी वापरलेल्या माहितीला बहुतेक बंधनांतून सूट देतो. ती माहिती सुरक्षित ठेवण्याचं बंधन तेवढं उरतं.

‘कारणाच्या प्रमाणात’ या कसोटीला वरचा हिशेब उपयोगी पडतो. चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की चेंगराचेंगरीचा धोका वाढतो. ती मोजायला ३.३ सेंटिमीटरचा पिक्सेल पुरतो; झूम लागत नाही आणि चित्र साठवावंही लागत नाही. मारामारी झाली, दागिने हिसकावले गेले, तर झूम करायला कारण आहे आणि ते चित्रण जपायलाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार न्यायालयात डिजिटल पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्रासोबत त्याचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा गणिती ठसा, द्यावाच लागतो. गुन्ह्याशी संबंध नसलेलं बाकीचं चित्रण ठरावीक दिवसांत पुसायला तांत्रिक अडचण कसलीच नाही.

हे सगळं पाळलं गेलं की नाही, हे तपासायचं साधन ड्रोनमध्येच असतं. ड्रोन उडताना आपली जागा, उंची आणि वेळ नोंदवत असतो. कॅमेऱ्याचा कोन आणि झूमही नोंदवता येतो. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. कुठल्या दिवशी, किती वेळ, कशासाठी उड्डाण झालं, किती वेळा झूम केला आणि चित्रण कधी पुसलं, एवढा गोषवारा पोलीस आयुक्तालयानं दर तीन महिन्यांनी जाहीर केला तरी बरंच होईल. चित्रण गुप्त ठेवायला तपासाचं कारण असू शकतं. उड्डाण झाल्यावर त्याची नोंदही गुप्त का ठेवायची, याचं कारण मात्र पोलिसांनी द्यायला हवं.