शेतकऱ्याचा धीर

शिरोळच्या बाजूला आडसाली उसाची लावण आषाढ-श्रावणात होते आणि तोड यायला सोळा ते अठरा महिने जातात. एवढे दिवस शेतकरी वाट पाहतो, पण हातावर हात ठेवून नव्हे. नांग्या भरायच्या, खुरपायचे, भरणी करायची, रात्री-अपरात्री पाणी पाजायला उठायचे. आणि एवढे करून 2019 सालासारखा कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, की उभा ऊस डोळ्यांदेखत कुजतो. पाणी ओसरले की तोच माणूस पुन्हा बेणे शोधायला निघतो.

बायबलच्या नव्या करारात याकोबाचे एक छोटे पत्र आहे. त्यात मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या श्रीमंतांना आधी खडसावले आहे आणि मग गांजलेल्या लोकांना धीराची गोष्ट सांगितली आहे. दाखला घेतला तो नेमका शेतकऱ्याचा. त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने भुई मऊ होते, मग नांगरट अन् पेरणी. मार्च-एप्रिलच्या शेवटल्या पावसाने कणीस भरते. पावसावर शेतकऱ्याची सत्ता चालत नाही, पेरणी मात्र त्यालाच करावी लागते.

पत्र मूळ ग्रीक भाषेतले. आपण सरसकट ज्याला धीर म्हणतो, त्याला तेथे दोन शब्द आहेत. एक 'माक्रोथुमिया', म्हणजे लवकर न चिडता दुसऱ्याला वेळ देणे. दुसरा 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखालून न निसटता टिकून राहणे. या दुसऱ्यासाठी याकोब ईयोबाचे नाव घेतो. आता ईयोब म्हणजे मुकाट सोसणारा, असे पुष्कळांना वाटते. त्याचे पुस्तक उघडून पाहा की! मुलेबाळे, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले, तेव्हा तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडे जाब मागतो. देवाला सोडत मात्र नाही. म्हणून रडणाऱ्याला 'धीर धर, गप्प बस' असे धर्माच्या नावाने सांगणे मला बरोबर वाटत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला तर मुळीच सांगू नये.

हे दोन्ही गुण आपल्या मराठी मुलखात, एकाच घरात पाहायचे असतील तर ते टिळकांच्या घरात. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. चार वर्षांहून अधिक काळ दोघे वेगळे राहिले. पुढे त्या नांदायला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी बळजबरी केली नाही. एकमेकांना वेळ दिला. 1900 साली लक्ष्मीबाई आपल्या मनाने ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी 1909 साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतले. साडेदहा अध्याय झाले आणि 1919 साली ते वारले. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि एकामागून एक चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्तांनी पुरा केला. ग्रंथ छापून बाहेर पडला 1938 साली. लक्ष्मीबाई 1936 सालीच गेल्या होत्या.